अटकेपार झेंडा रोज छापताय, एकदा अटकेच्या किल्ल्यावरही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोपरगावचा, आपला पेपर घरी रोज येतो आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला जातो. गेल्या आठवड्यात एकाच अंकात दोन ठिकाणी "अटकेपार झेंडा" वाचलं. एक आपल्याकडच्या एका शेतकऱ्याचा माल परदेशात गेला त्याची बातमी होती आणि दुसरी कुठल्या तरी स्पर्धेत नंबर आलेल्या पोरांची. दोन्ही बातम्या चांगल्या, त्या लोकांचं मनापासून कौतुक, माझं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण माझी लेक सातवीत आहे, ती बातमी वाचून मला विचारते, "पप्पा, अटकेपार म्हणजे जेलच्या बाहेर का?" मी म्हटलं नाही गं, अटक हा किल्ला आहे. तर लगेच पुढचा प्रश्न, कुठे आहे, कोणी बांधला, आपण तिथं किती दिवस होतो. पहिल्याचं उत्तर मला अर्धवट आलं, दुसऱ्याचं आलंच नाही आणि तिसऱ्याचं माहीत होतं ते सांगायला जीभ जड झाली. म्हणून मग गेले काही दिवस जमेल तसं वाचत बसलो आणि वाचल्यावर गप्प बसवेना म्हणून हे पत्र. लांबलंय, पण कापू नका अशी विनंती.

आधी आम्ही दोघांनी फोनवर मॅप उघडला. पेशावरवरून पूर्वेला सरकलं की काबूल नदी दिसते, ती येऊन सिंधूला मिळते, आणि सॅटेलाइटवर झूम केलं की दोन पाणी वेगळी कळतात, काबूलचं गढूळ मातकट आणि सिंधूचं निळसर, आणि बरंच अंतर दोन्ही एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. लेकीने त्या दोन रंगांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पप्पा, हे बघा, कोणीतरी मधे रेघ मारलीये." त्या संगमाच्या जरा खाली नदी एकदम अरुंद होते, दोन्हीकडून खडक, आणि डाव्या म्हणजे पूर्वेच्या काठावर उतारावर पसरलेली तटबंदी. तोच अटकेचा किल्ला. आपल्या डोक्यात किल्ला म्हटलं की राजगड, रायगड, डोंगराच्या माथ्यावरचा. हा तसा नाही. हा नदीच्या उतारावर बसलेला पहारेकरी आहे, काबूलकडून येणारा रस्ता जिथे सिंधू ओलांडतो नेमकी ती जागा धरून बसलेला. काबूल, खैबर, पेशावर, अटक, मग पुढे लाहोर आणि दिल्ली. म्हणजे आपल्या घराला जसं दार असतं आणि दाराला आतून कडी असते, तशी ही कडी.

बांधला अकबराने. त्याचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम काबूलला होता, तो १५८१ मध्ये पंजाबात घुसला. अकबर स्वतः फौज घेऊन काबूलपर्यंत गेला, भावाला वठणीवर आणलं, आणि त्याच स्वारीत या जागी किल्ल्याचा पाया घातला. काम ख्वाजा शमसुद्दीन खवाफी याच्याकडे दिलं आणि १५८३ पर्यंत किल्ला उभा राहिला. म्हणजे दोनेक वर्षात, विचार करा. पण मला त्याहून जास्त आवडली ती वेगळीच गोष्ट. अकबराने किल्ल्याबरोबर नावाडी पण वसवले. हिंदुस्तानातून नावाड्यांची कुटुंबं नेऊन तिथं बसवली, त्यांना उत्पन्न तोडून दिलं, आणि त्यांची वस्ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिली, मल्लाही टोला म्हणतात तिला. उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी चढलं की होडीने उतारू न्यायचे आणि हिवाळ्यात पाणी उतरलं की होड्या एकाला एक बांधून पूल करायचा, वर फळ्या, त्यावरून उंट, घोडे, तोफा. दगडाचा तट सगळ्यांना दिसतो पण तट म्हणजे किल्ला नाही, होडी चालवणारी माणसं तिथं टिकली म्हणून तो किल्ला चालला. हे मला पुढे सांगायचंय त्याच्याशी जोडलेलं आहे म्हणून इथे जरा थांबलो.

नावाबद्दलही सांगतो. अकबराने याचं नाव ठेवलं अटक बनारस, आणि ते का तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला ओडिशात कटक बनारस होतं त्याला जोड म्हणून. आपण "अटक ते कटक" म्हणतो ना, ते उगाच यमक जुळवलेलं नाही, ही खरोखर दोन टोकं होती. आणि जुन्या लोकांत समज असा की सिंधू ओलांडून पलीकडे गेलं की माणूस धर्माला मुकतो, म्हणून ही नदी म्हणजे अटक, अडवणारी. उत्तरेत यावर एक जुना दोहा सांगतात, कोणी तो अकबराच्या नावावर घालतं कोणी महाराजा रणजितसिंगांच्या, भाव असा की सगळी जमीन गोपाळाचीच, तिच्यात अटक कसली, ज्याच्या मनात अटक आहे तोच अडकला.

आता आपल्या लोकांची गोष्ट. १७५७ मध्ये अब्दाली दिल्ली, मथुरा लुटून परत गेला आणि पंजाबात आपला मुलगा तैमूरशहा आणि सेनापती जहानखान यांना बसवून गेला. रघुनाथराव म्हणजे आपले राघोबादादा फौजेसह उत्तरेत होतेच. पंजाबचा जुना मुरलेला सरदार अदिना बेग, त्याचं अफगाणांशी बिनसलं, त्याने मराठ्यांना बोलावलं. १७५८ च्या मार्चमध्ये सरहिंद घेतलं, एप्रिलमध्ये लाहोर. तैमूरशहा आणि जहानखान लाहोर सोडून चिनाबपलीकडे पळाले आणि घाईत नदीच्या अलीकडे राहिलेलं त्यांचं सामानसुमान मराठ्यांच्या हाती लागलं. लाहोरच्या शालिमार बागेत अदिना बेगने दादांचा मोठा सत्कार केला, त्यासाठी लाखभर रुपये खर्चून चौथरा उभारला आणि कारंज्यांत गुलाबपाणी सोडलं असं वर्णन मिळतं. ४ मे १७५८ चं दादांचं नानासाहेब पेशव्यांना लिहिलेलं पत्र आहे, त्यात ते कळवतात की लाहोर, मुलतान, काश्मीर आणि अटकेच्या अलीकडचे सुभे बहुतेक आपल्या अंमलात आले, जे राहिलेत ते पण आणतो, आणि काबूल कंदाहार हे अकबरापासून हिंदुस्तानचे सुभे, ते विलायतेत, म्हणजे परमुलखात, का द्यावेत. हे वाचताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू.

पण दादा स्वतः अटकेला गेले नाहीत. ते लाहोरहून मे महिन्यातच माघारी निघाले, पुढच्या मुलखाची जबाबदारी तुकोजी होळकर आणि साबाजी शिंदे यांच्यासारख्या सरदारांवर टाकून. अटकेवर झेंडा लागल्याची तारीख आपल्याकडे २८ एप्रिल १७५८ अशी सांगतात. काही इतिहासकारांनी असंही मांडलंय की मराठी फौज चिनाबपुढे गेलीच नाही, आणि आपल्याकडच्या अभ्यासकांनी जुन्या पत्रांच्या आधारे ते खोडून काढलंय. मला वाटतं हे वाचकांसमोर उघड यायला हवं, लपवायचं काही कारण नाही, उलट दोन्ही बाजू छापल्या तर पोरं स्वतः वाचतील आणि ठरवतील. शाळेत आम्हाला झेंडा लागला एवढंच सांगितलं, त्याच्या पुढे काय झालं कोणी सांगितलंच नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढे काय झालं ते असं. पंजाबचा कारभार वर्षाला ७५ लाख देण्याच्या बोलीवर अदिना बेगकडे सोपवला होता. तो काही महिन्यात, त्याच वर्षी पावसाळा सरताना वारला. म्हणजे ते पैसेही गेले आणि मधला माणूसही गेला. पुण्यापासून अटक रस्त्याने दोन हजार किलोमीटरच्या आसपास पडते, आजच्या हायवेने नाही, बैलाच्या आणि घोड्याच्या पायाने. पंजाबची थंडी आपल्या माणसांना सोसायची नाही, कायम तिकडे राहायला फारसं कोणी राजी नाही. एवढी मोठी मोहीम जिंकून दादा परतले तेव्हा तिजोरीत भर पडायच्या ऐवजी ८० लाखांच्या घरात कर्ज झालं होतं असं इतिहासाच्या पुस्तकांत मिळतं आणि पुण्यात त्यावरून बरीच बोलाबोली झाली. १७५९ मध्ये दत्ताजी शिंदे पंजाबच्या बाजूला आले आणि त्यांनी साबाजीला लाहोरला ठेवलं.

या साबाजी शिंदेंचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मी हे पत्र लिहायच्या आधी आमच्या कट्ट्यावर सात-आठ जणांना विचारलं, त्यात दोन मास्तर, एकालाही सांगता आलं नाही. या माणसाने १७५९ मध्ये जहानखान परत चालून आला तेव्हा शिखांच्या मदतीने त्याला हरवून परत लावला. मागे घर दोन हजार किलोमीटर, पुढे अब्दालीचा सगळा मुलूख, हाताशी थोडी माणसं. आणि मग शरद ऋतूत अब्दाली स्वतः मोठी फौज घेऊन उतरला तेव्हा ठाणी राखणं शक्यच नव्हतं, साबाजीला माघार घ्यावी लागली. झेंडा लागल्यापासून हे सगळं दीड वर्षात. पुढचं सगळ्यांना तोंडपाठ आहे, १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी पडले आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत.

माझा पुतण्या फौजेत आहे, सध्या उत्तरेला खूप वर एका पोस्टवर. कुठे ते इथे लिहीत नाही. मागच्या सुट्टीत आला होता तेव्हा हे सगळं त्याला सांगितलं. तो काही इतिहासवाला नाही, बारावीनंतर भरती झाला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पोस्ट घेणं वेगळं आणि पोस्टवर हिवाळा काढणं वेगळं." मग त्याने त्यांचं स्टॉकिंग कसं चालतं ते सांगितलं. बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आधी महिनोन्‌महिने पुरेल इतकं रेशन, केरोसीन, औषधं, बॅटऱ्या, बुटांचे एक्स्ट्रा जोड सगळं वर चढवून ठेवायचं. एक जरी गोष्ट मोजायची राहिली तर फेब्रुवारीत ती कुठून आणणार. तो म्हणाला, आमच्यावरचा ऑफिसर पहिला प्रश्न गोळ्या किती हा नाही विचारत, केरोसीन किती जेरिकॅन राहिलं हा विचारतो. मी तेव्हापासून साबाजी शिंदेंच्या ठाण्यावर कोणी काय मोजत असेल त्याचाच विचार करतोय. दाणा किती, चारा किती, पगार किती महिन्यांचा थकला, आणि घरून पत्र कधीचं नाही.

आणि इथे मला कटकची आठवण येते. नागपूरकर भोसल्यांनी बंगालच्या अलीवर्दीखानाशी लढून, तह करून १७५१ मध्ये ओडिशा घेतलं आणि १८०३ पर्यंत टिकवलं. बावन्न वर्षं! कटकच्या बाराबाटी किल्ल्यावर मराठी अंमल, शिवभट साठ्यांसारखे सुभेदार, जगन्नाथाच्या यात्रेची व्यवस्था लावली, कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीला देवळासमोर उभा राहिला तोही याच काळात. म्हणजे अकबराच्या राज्याच्या दोन टोकांपैकी एक टोक आपण दीड वर्ष धरलं आणि एक टोक बावन्न वर्षं. आणि आपल्या भाषेत वाक्प्रचार राहिला दीड वर्षाचा. कटकेपार झेंडा कोणी म्हणत नाही. अटकेचं मोठेपण मला कमी करायचं नाहीये, तिथंवर पोचायला छाती लागते आणि ती त्या माणसांकडे होती. पण बावन्न वर्षं वसुली करून, न्यायनिवाडा करून, तट डागडुजी करून ज्यांनी ठाणं चालवलं त्यांच्या नावाने एक ओळ नसावी हे मला खरंच लागतं.

अटकेच्या किल्ल्याचं पुढे काय झालं तेही कोणी सांगत नाही, जणू आपण निघालो आणि किल्ला संपला. १८१३ मध्ये तिथल्या अफगाण किल्लेदाराने, जहानदादखानाने, तो महाराजा रणजितसिंगांच्या हवाली केला, तो परत घ्यायला काबूलचा वजीर फत्तेखान आला आणि जुलैमध्ये अटकेजवळच्या छछच्या मैदानात दिवाण मोहकमचंदच्या हाताखालच्या शीख फौजेने त्याला हरवलं. शिखांनी तो पुढे ३५ वर्षं धरला. पंजाबचा सगळा कारभार जवळ, लाहोर हाकेच्या अंतरावर, म्हणून जमलं. मग इंग्रज आणि शिखांच्या १८४८-४९ च्या युद्धात लेफ्टनंट हर्बर्ट नावाचा इंग्रज अधिकारी थोड्या पठाण शिबंदीनिशी आत अडकला, काही महिने तग धरला आणि जानेवारी १८४९ मध्ये आतली माणसंच फुटल्यावर किल्ला गेला. त्याच वर्षी पंजाब इंग्रजांकडे आला आणि किल्लाही.

नदीने सुद्धा या जागेला सोडलं नाही. वर नंगा पर्वताजवळ डोंगराचा कडा कोसळून सिंधू महिनोन्‌महिने तुंबून राहिली होती आणि जून १८४१ मध्ये तो बांध फुटला. अटकेजवळ छछच्या मैदानात शिखांच्या फौजेचा तळ होता, पाण्याची भिंत आली आणि तळच्या तळ वाहून गेला, शेकडो माणसं तंबूंसकट. पुन्हा ऑगस्ट १८५८ मध्ये हुंझाच्या बाजूला असंच दरड कोसळून साचलेलं पाणी सुटलं, सकाळी नदी अगदी उतरलेली होती आणि दुपारपर्यंत अटकेला पाणी ५० फुटांहून जास्त चढलं, इतकं की काबूल नदी तिकडे नौशेराला उलटी वाहायला लागली. हे लेकीला सांगितलं तर तिने परत मॅप काढला आणि काबूल नदीवर बोट उलटं फिरवून बघितलं.

१८८३ मध्ये तिथे लोखंडी पूल झाला, वरून रेल्वे आणि खालच्या मजल्यावरून बैलगाड्या, माणसं. नावाड्यांचा तीनशे वर्षांचा धंदा त्या दिवशी संपला म्हणायचा. आज किल्ला पाकिस्तानी लष्कराच्या ताब्यात आहे, सामान्य माणसाला आत सोडत नाहीत, ग्रँड ट्रंक रोडवरून जाताना बाहेरून तट दिसतो तेवढाच. मधे त्याचा तुरुंग म्हणूनही उपयोग झाला, नवाज शरीफांना सत्तेवरून काढल्यावर तिथं ठेवलं होतं आणि २००० मध्ये त्यांच्यावर खटलाही तिथंच चालवला. २०२३ मध्ये इमरान खान यांना "अटक जेल"मध्ये ठेवलं तेव्हा आमच्या ग्रुपवर मेसेज फिरला की आपल्याच किल्ल्यात ठेवलंय. ते चूक होतं. ते जेल अटक शहरात आहे, किल्ल्यापासून लांब, आणि त्या शहराचं नाव १९७८ पर्यंत कॅम्पबेलपूर होतं. तेव्हा मीही तो मेसेज दोन जणांना पाठवला होता, आता या पत्रातून दुरुस्त करतो.

मी हे कोपरगावहून लिहितोय त्याला कारण आहे. राघोबादादांचं शेवटचं आयुष्य इथंच गेलं, इंग्रज आणि मराठ्यांमधल्या सालबाईच्या तहानंतर ते इथं येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ ला इथंच गेले. नारायणरावांच्या खुनाचा डाग त्यांच्या नावावर आहे तो आहेच, रामशास्त्र्यांनी तोंडावर सुनावलं तेही खरं, मी त्यांची वकिली करत नाही. पण लाहोरहून ते पत्र लिहिणारा चोविशीतला माणूस आणि गोदावरीकाठी पेन्शनीवर मेलेला माणूस एकच. आमच्याकडे हिंगणीला नदीच्या काठावर त्यांच्या वाड्याचे अवशेष आहेत. लहानपणी आम्ही तिथं बोरं खायला जायचो, कोणाचं आहे हे माहीत नव्हतं. आता लेकीला घेऊन गेलो, तर तिने तटाच्या एका दगडावर हात ठेवून विचारलं, "हे इथं बसून त्यांना ती दोन रंगांची नदी आठवत असेल का?" दादांनी ती बघितलीच नव्हती, ते मी तिला सांगितलं. मग म्हणाली, साबाजींना तर आठवत असेल. साबाजी शेवटी कुठे गेले ते मला सांगता आलं नाही.

तर संपादकसाहेब, मागणं एवढंच. वाक्प्रचार छापू नका असं अजिबात म्हणत नाही, तो आपल्या भाषेचा दागिना आहे. पण येत्या २८ एप्रिलला एक पान अटकेच्या किल्ल्याला द्या, नकाशासकट, नदीचे दोन रंग दिसतील असा फोटो टाकून. अकबराचे नावाडी, साबाजी शिंदे, तुकोजी होळकर, मागे राहिलेली शिबंदी यांच्याबद्दल जे कागद उपलब्ध आहेत ते एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्या, आणि फौज खरंच कुठपर्यंत गेली यावरचा वादही त्यात येऊ द्या. शेजारच्या चौकटीत कटक घ्या. आणि तुमचा वार्ताहर हिंगणीला यायचा असेल तर रविवारी या, नदीकाठचा रस्ता पावसाळ्यात चिखलाचा असतो, मी मोटारसायकल घेऊन फाट्यावर थांबतो.

आपला एक नियमित वाचक,
कोपरगाव, जि. अहिल्यानगर